परदेशी एमबीए आणि घराची कागदपत्रं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लिहिलं होतं की परदेशातल्या एमबीएबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि खूप पत्रं आली. जवळजवळ प्रत्येकात पहिली ओळ "कुठलं कॉलेज चांगलं" आणि पैशाचं अगदी शेवटी, तेही चाचरत. म्हणून यावेळी पैशाबद्दल जरा जास्त बोलणार आहे. रँकिंग नेटवर सापडतं, पण कर्जाचं गणित घरात बसून कोणीतरी मोठ्याने मांडावं लागतं.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ४ वर्षं झाली, वय २७, जीमॅट ६६५ आहे. अमेरिकेत दोन वर्षांचं करू का युरोपात एक वर्षाचं? बाबा म्हणतात फ्लॅट तारण ठेवू, तू जा. पण मला त्यामुळेच झोप लागत नाहीये. (एक वाचक, चिंचवड)

तुला झोप लागत नाहीये ना, म्हणजे तू योग्य गोष्टीचा विचार करतोयस. स्कोअरचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅट, म्हणजे एमबीए प्रवेशाची परीक्षा, नवीन आली, ती २०५ ते ८०५ मध्ये मोजतात, आणि जुन्या ७०० च्या तोडीला साधारण ६४५ येतो, म्हणजे तुझा ६६५ चांगला आहे. ऑफिसमधले सिनियर "मला तर ७२० होते" म्हणतील तेव्हा घाबरू नकोस, ती पट्टी वेगळी होती. स्कोअर ५ वर्षं चालतो, यावर्षी नाही गेलास तरी वाया जात नाही.

आता एक वर्ष का दोन. हे तुला पुढे काय करायचंय त्यावर आहे. तू चाकणला जे करतोयस त्यातच वर चढायचं असेल, प्लांटमधून ऑपरेशन्स, सप्लाय चेन, मग मोठी जबाबदारी, तर एक वर्षाचा कोर्स पुरतो. ऑक्सफर्ड, केंब्रिजचं एमबीए एक वर्षाचं आहे, फ्रान्सच्या इन्सियाडचं १० महिन्यांचं, एचईसी पॅरिसचं १६ महिन्यांचं. पण मेकॅनिकल सोडून एकदम कन्सल्टिंग किंवा फायनान्समध्ये उडी मारायची असेल तर मधल्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप फार कामाची असते, कारण नवीन क्षेत्रातल्या कंपनीला तुला दोन-तीन महिने काम करताना बघायचं असतं, आणि बहुतेक एक वर्षाच्या कोर्सला तो उन्हाळाच नसतो. इन्सियाडला जानेवारीत प्रवेश घेतला तर इंटर्नशिपसाठी मोकळे आठवडे मिळतात, सप्टेंबरच्या आसपासच्या बॅचला तसं नाही. एकाच कॉलेजात कुठल्या महिन्यात शिरलास यावरही फरक पडतो, हे बऱ्याच जणांना फॉर्म भरून झाल्यावर कळतं.

खर्च बघ. हार्वर्डची एका वर्षाची फीच ७५ हजार डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं-विमा धरून दोन वर्षांचं सव्वादोन लाख डॉलरच्या पुढे जातं, म्हणजे आपले दोन कोटींच्या आसपास. इन्सियाडची फी १ लाख युरोच्या वर. ऑक्सफर्ड-केंब्रिज ७० हजार पौंडांच्या वर, राहण्याचा खर्च वेगळा. आणि जेवढे महिने तू शिकणार तेवढ्या महिन्यांचा इथला पगार बुडतो तोही धर, तो कोणीच धरत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी सप्टेंबर २००८ मध्ये इंग्लंडला एक वर्षाच्या एमबीएला गेले आणि त्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स बुडाली. आमच्या वर्गात हुशार माणसं कमी नव्हती, कॉलेजनेही जमेल ते केलं, पण नोकऱ्याच नव्हत्या. मी १८ लाखांचं कर्ज घेऊन गेले होते, कोल्हापूरचं आमचं घर तारण होतं. परत आले, पुण्यात ४८ हजारांची नोकरी लागली आणि हप्ता होता २९ हजार. ८ वर्षं भरला. घर वाचलं कारण हप्ता पुण्याच्या पगारातून कसाबसा का होईना निघत होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारते, तिथे नोकरी लागली नाही आणि परत यावं लागलं तर हा हप्ता इथल्या पगारातून निघेल का?

तू हे कागदावर मांड. साडेदहा टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर १ कोटीचा हप्ता महिन्याला १ लाख ३५ हजारांच्या आसपास येतो. ४० लाखांचा साधारण ५४ हजार. परत आल्यावर एमबीएसकट तुला इथे काय पगार मिळेल याचा अंदाज तुझ्याच कंपनीतल्या मॅनेजर लोकांना विचारून घे, आणि त्यातून ५४ हजार झेपतात का १ लाख ३५ हजार, हे तूच ठरव. शिवाय शिकत असताना हप्ता नसतो, कोर्स आणि पुढे सहा महिने किंवा वर्षभर सूट असते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. ४० लाख घेतलेस आणि दोन-अडीच वर्षं काहीच भरलं नाहीस तर ८-१० लाख नुसतं व्याजाचं वर बसतं. तेवढ्या काळात बाबांना निदान साधं व्याज भरता आलं तर मूळ रक्कम फुगत नाही.

व्हिसाचंही याच कागदावर लिही. अमेरिकेत शिकून झाल्यावर १२ महिने काम करता येतं, आणि कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) म्हणून नोंदलेला असेल तर आणखी २४, म्हणजे तीन वर्षं. बऱ्याच एमबीए कोर्सना आता स्टेमचा शिक्का आहे पण सगळ्यांना नाही, लेखी विचार. त्यापुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, त्याच्या वर्षाला ८५ हजार जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, महिन्याभराने स्पष्टीकरण आलं की तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, पण त्या महिन्यात तिथल्या आपल्या मुलांची आणि इथल्या आईबापांची काय अवस्था झाली ते मी फोनवर ऐकलंय. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं थांबता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ते १८ महिनेच मिळणार आहेत. तुझी तारीख मोजून बघ तू कुठल्या बाजूला पडतोस. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने देतात, आणि तुझं क्षेत्र गाड्यांचं आहे तर मॅनहाइम किंवा बर्लिनचं ईएसएमटी यादीत ठेव, फक्त जर्मन भाषा आजपासून शिकायला लाग, इंग्रजीवर कोर्स होईल पण प्लांटमधली नोकरी अवघड जाईल.

कॉलेज निवडताना रँकिंगच्या आधी एम्प्लॉयमेंट रिपोर्ट उघड. त्यात "९० टक्क्यांना तीन महिन्यांत नोकरी" असं काही असेल तर खाली बारीक अक्षरात बघ, ही टक्केवारी नोकरी शोधणाऱ्यांचीच असते, ज्यांना कंपनीने पाठवलं होतं किंवा ज्यांचा घरचा धंदा आहे ते त्यात धरलेले नसतात. आणि सगळ्यांचा एकत्र आकडा तुझ्या उपयोगाचा नाही, ज्यांना व्हिसा स्पॉन्सर लागतो त्यांचं काय झालं हे लिंक्डइनवर तिथल्या चार-पाच मराठी-हिंदी मुलांना मेसेज टाकून विचार. लोक सांगतात, खरंच सांगतात.

माझं मत विचारशील तर तुझ्यासारख्याने एक वर्षाच्या दोन-तीन कॉलेजांना आणि स्कॉलरशिप देणाऱ्या दोन अमेरिकन कॉलेजांना पहिल्या राउंडला, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास अर्ज करावा. पहिल्या राउंडला स्कॉलरशिपचे पैसे शिल्लक असतात. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड गुणांवर नाही, घरची परिस्थिती बघून मदत देतात, तिथला फॉर्म वेगळा असतो आणि तो लाज न बाळगता भरायचा.

प्रश्न : मुलगी टीवायबीकॉमला आहे. एका एजंटने सांगितलं की लंडनजवळच्या युनिव्हर्सिटीत एमबीए, जीमॅट नको, प्रवेश नक्की. १० दिवसांत डिपॉझिट भरा म्हणतोय. माझ्याकडे शेती आहे, त्यावर कर्ज मिळेल का? (एक पालक, तासगाव)

काका, डिपॉझिट आत्ता भरू नका. आधी हे वाचा.

परदेशातल्या चांगल्या एमबीएला नोकरीचा अनुभव लागतो, बहुतेक ठिकाणी वर्गातल्यांचा सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. जिथे अनुभव नको, परीक्षा नको आणि प्रवेश नक्की, तिथे तुमच्या मुलीच्या वर्गात सगळे तिच्यासारखेच असतील आणि एमबीए झाल्यावर कंपनी विचारणार की काम काय केलंस. एजंटला त्या युनिव्हर्सिटीकडून फीच्या हिशोबाने कमिशन मिळतं, म्हणून तो तुमच्याकडून फी न घेता एवढी धावपळ करतो. सगळेच वाईट असतात असं नाही, पण त्याला सरळ विचारा की "तुम्हाला या कॉलेजकडून किती मिळतात", आणि तो काय उत्तर देतो ते बघा.

मुलीला खरंच लगेच जायचं असेल तर तिच्यासाठी मास्टर्स इन मॅनेजमेंट नावाचा कोर्स आहे, तो ताज्या पदवीधरांसाठीच असतो. एचईसी, एसेक, मिलानचं बोकोनी, स्वित्झर्लंडचं सेंट गॅलन ही त्यातली मोठी नावं. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते. अपवाद आहेत, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून फी सुरू केलीय. तिथे खर्च राहण्याचा, त्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठराविकच पैसे काढता येतात अशा खात्यात) आधी दाखवावे लागतात, आणि भारतीय मुलांना एपीएस नावाचं, मार्कशीट-पदवी तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं ज्याला वेळ लागतो. तिचं बीकॉम तीन वर्षांचं आहे. काही कॉलेजं तीन वर्षांची पदवी चालवतात, काही चार वर्षांचीच मागतात, म्हणून अर्जाची फी भरायच्या आधी प्रत्येक ठिकाणी ईमेल करून विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं.

शेतीचं म्हणाल तर शैक्षणिक कर्जाला सातबाऱ्यावरची शेतजमीन बँका बहुतेक वेळा तारण म्हणून घेत नाहीत. फ्लॅट, घर, एनए प्लॉट, एफडी हे चालतं. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक साधारणपणे तारण मागते, आणि परदेशासाठी १५ टक्के रक्कम तुम्ही घालायची असते. बिगर-बँक फायनान्स कंपन्या तारणाशिवाय देतात पण व्याज जास्त आणि तुमच्या उत्पन्नाचे कागद कडक बघतात, शेतीचं उत्पन्न त्यांना कागदावर दिसत नाही ही आपली नेहमीची अडचण. खाजगी सावकाराकडे किंवा जमीन विकण्याकडे जाऊ नका, कृपा करून. मुलीला दोन-तीन वर्षं पुण्या-मुंबईत नोकरी करू द्या, सीए फर्ममध्ये, बँकेत, कुठेही, मग ती स्वतःच्या पगारावर कर्जाला उभी राहील आणि कॉलेजही बरं मिळेल. तिला हे वाचायला द्या, आणि ती चिडली तर मला लिहायला सांगा.

प्रश्न : बॉसला रिकमेंडेशन लेटर मागितलं तर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. लिहू का? (एक वाचक, ठाणे)

नको. आपल्याकडे हे सर्रास चालतं हे मला माहितीय आणि बॉसच्या मनात काही वाईट नसतं, त्यांना वेळ नसतो किंवा इंग्रजी लिहायचा कंटाळा असतो. पण पत्र वाचणारा माणूस त्याच दिवशी तुझा निबंधही वाचतो आणि दोन्हीची भाषा एक असली की त्याला कळतं, मग अर्ज तिथेच संपतो. त्याऐवजी बॉसला चहाला घेऊन जा, तू केलेली तीन-चार कामं तारखा-आकड्यांसकट एका पानावर लिहून दे, एखादी चूक आणि ती कशी सुधारलीस तेही लिही, कारण फॉर्ममध्ये बहुतेक तो प्रश्न असतोच. बाकी त्यांच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहू दे, चालतं. एआयकडून लिहून घेतलेलं गुळगुळीत पत्र त्याहून वाईट. आणि हुद्द्याने मोठा माणूस शोधू नकोस, ज्याने तुझं काम रोज बघितलंय तोच हवा.

प्रश्न : वय ३३, एचआरमध्ये ९ वर्षं, मुलगा ४ वर्षांचा. नवरा म्हणतो आपण तिघं जाऊ. ब्रिटन ठरवलं होतं पण कोणीतरी म्हणालं कुटुंब नेता येत नाही, खरं का? (एक वाचक, नाशिक)

खरं आहे ताई. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये वर्गात शिकून करायच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्स कोर्सला, त्यात एमबीए आलंच, जोडीदार आणि मुलांना डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. अमेरिकेत नेता येतं, मुलाला सरकारी शाळेतही घालता येतं, पण तिथे नवऱ्याला नोकरी करता येणार नाही, म्हणजे दोन वर्षं घरात एकही पगार नाही. कॅनडात जानेवारी २०२५ पासून नियम असा आहे की मास्टर्स १६ महिने किंवा त्याहून मोठं असेल तरच जोडीदाराला वर्क परमिट, म्हणजे तिथला एक वर्षाचा एमबीए घेतलात तर ते जातं. जर्मनीत जोडीदाराला काम करता येतं, पण त्यांना आधी पायाभूत जर्मन शिकावं लागेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात शेवटी लिहिलंय की "सासूबाई म्हणतात मुलाला आमच्याकडे ठेव, वर्षच तर आहे". तोही एक मार्ग आहे आणि तो निवडणाऱ्या बाईला आपल्याकडे फार ऐकून घ्यावं लागतं, बाप गेला असता तर कोणी काही बोललं नसतं. निर्णय तुमचा. फक्त एक सुचवते, ३३ ला ९ वर्षांच्या अनुभवावर हैदराबाद-मोहालीचं आयएसबी, किंवा नोकरी चालू ठेवून होणारं एक्झिक्युटिव्ह एमबीए हेही यादीत ठेवा.

प्रश्न : वडील एसटीत कंडक्टर आहेत. तारण ठेवायला काही नाही. माझ्यासारख्याने हा विचारच सोडून द्यावा का? (एक वाचक, उदगीर)

अजिबात सोडू नकोस. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, परत येऊन संस्थानची नोकरी करायच्या करारावर. आज त्याच महाराजांच्या नावाने सारथीची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजातल्या मुलांसाठी. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी बहुजन कल्याण विभागाची. तू कुठल्या प्रवर्गातला ते लिहिलं नाहीस, पण तुझ्या जागेसाठीचा ताजा जीआर डाऊनलोड कर आणि ओळ न ओळ वाच, उत्पन्नाची अट, वयाची अट, सगळं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आत्ताच काढून ठेव, जाहिरात आल्यावर तहसीलला चकरा मारत बसलास तर मुदत निघून जाते.

एक महत्त्वाचं. या योजनांत विद्यापीठाची क्यूएस जागतिक क्रमवारी बघतात. इन्सियाड किंवा लंडन बिझनेस स्कूल कितीही मोठं असलं तरी ती फक्त मॅनेजमेंट शिकवणारी संस्था, क्यूएसच्या मुख्य विद्यापीठ यादीत ती येतच नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, मँचेस्टर, वॉरविक यांची बिझनेस स्कूलं मोठ्या विद्यापीठाचा भाग आहेत, म्हणून तुझ्यासाठी यादी तिथून सुरू होते.

खाजगीत जे. एन. टाटा एन्डोमेंट आहे, १८९२ पासूनची, ती कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी देतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं. स्टॅनफर्डला रिलायन्स धीरूभाई फेलोशिप आहे, वर्षाला जास्तीत जास्त ५ भारतीयांना, फीचा साधारण ८० टक्के भाग, भारतात परत येऊन काम करायच्या अटीवर. इनलॅक्स शिष्यवृत्तीच्या मागे वेळ घालवू नकोस, ते बिझनेसच्या कोर्सना पैसे देत नाहीत.

तारणाशिवाय कर्ज प्रॉडिजी फायनान्ससारख्या कंपन्या देतात, जामीनदारही मागत नाहीत, ठराविक कॉलेजांसाठीच देतात. पण ते डॉलरमध्ये असतं आणि व्याजदर बदलता असतो. डॉलरमध्ये कमावत राहिलास तर ठीक, परत आलास तर रुपया जसा घसरेल तसा तुझा हप्ता वाढत जाईल. त्याच्या व्याजावर आयकराची सवलतही मिळत नाही, ती भारतातल्या बँकेच्या किंवा मान्य वित्तसंस्थेच्या कर्जाच्या व्याजावर ८ वर्षं मिळते, तीही जुन्या करपद्धतीतच. घरच्या पैशातून फी पाठवणाऱ्यांनी टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर, लक्षात ठेवावा, वर्षाला १० लाखांच्या वर तो कापला जातो आणि रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर कापत नाहीत.

तू अजून नोकरीला लागलेला नाहीस असं पत्रावरून वाटतंय. तर आधी दोन-तीन वर्षं काम कर, जीमॅट किंवा जीआरई दे, आणि पहिला फॉर्म भरशील तेव्हा निबंध मला पाठव, मी वाचून देईन. वडिलांच्या एसटीबद्दल त्यात लिहायचं का, असंही तू विचारलंयस. लिही. रात्रीच्या मुक्कामी गाडीवरून आल्यावर ते तिकिटांचा हिशोब कसा जुळवायचे हे तू पत्रात दोन ओळीत लिहिलंयस ना, तेच लिही, तसंच.